माझ्या फोटोला मालवणात हार

तो संदेश वाचला तेव्हा मी चहा पीत होते. "ताई नमस्कार. तुमचा फोटो आमच्या घरी भिंतीवर लावलेला आहे. त्याला हार घातलेला आहे. कृपया रागावू नका, पण एकदा बोलायचं आहे. तेजल, मालवण." उरलेला चहा मी मोरीत ओतून दिला.

दोन हजार नऊ साल संपत आलं होतं. आमच्या शाळेतल्या निम्म्या शिक्षिका तेव्हा नेटवरच्या त्या ओळखीपाळखीच्या साइटवर आल्या होत्या आणि त्यांत सगळ्यात उत्साही मी. डिजिटल कॅमेरा उलटा धरायचा, हात लांब करायचा, मान जरा डावीकडे वळवायची, हसायचं आणि दाबायचं. बहुतेक फोटोंत नुसतं कपाळ यायचं. एखादा बरा आला की तो चढवायचा आणि मग पुन्हा पुन्हा जाऊन बघायचं, कोण काय म्हणालं ते. "मृण्मयी, वय दिसतच नाही गं तुझं!" असं कोणी लिहिलं की दिवस छान जायचा. माझा नवरा सतीश म्हणायचा, "घरात आरसा आहे की." आरसा काही बोलत नाही, हे त्याला कसं समजावणार?

आणि आता हार. माझी आई जिवंत माणसाचा फोटो देवाच्या फोटोशेजारीसुद्धा लावू देत नसे. वडिलांनी एकदा माझा शाळेतला बक्षिसाचा फोटो देवघराच्या वर टांगला, तर तिनं स्वतः स्टुलावर चढून तो काढला होता. मी भूगोल शिकवते. अंधश्रद्धा कशी वाईट, यावर शाळेत भाषणही ठोकलेलं आहे. त्या भाषणातलं एक वाक्य त्या आठवड्यात मला आठवेना. शिंक आली तरी मी देवाचं नाव घ्यायचे. रस्ता ओलांडताना निम्म्यातून मागे फिरायचे आणि मग रिक्षावाल्यांच्या शिव्या खायचे.

मी तेजलला लिहिलं, की हा काय प्रकार आहे? तिचं उत्तर आलं, "फोटोत चेहरा तुमचा नाही ताई. बाकी तुमचं आहे. इथे लिहून नीट सांगता येत नाही, आणि बाबांना यातलं काही माहीत नाही."

बाकी म्हणजे काय? रात्री अंथरुणात हाच एक शब्द डोक्यात. शेवटी सतीश कंटाळून म्हणाला, "नाताळच्या सुट्टीत जाऊन येऊ. मासे खाऊ, फोटो बघू." त्याच्या वाक्यात मासे आधी आले, हे मी लक्षात ठेवलं.

कणकवली ते मालवण

रेल्वेतून कणकवलीला उतरलो तेव्हा उजाडत होतं. स्टेशनाबाहेरच्या टपरीवर गरम कांदाभजी आणि पाव खाल्ला. टपरीवालीनं कढईवरून नजर न काढता विचारलं, "खंयचे तुमी?"

हा प्रश्न पुढे सगळीकडे भेटला. आमच्याकडे नाशिकला नवीन माणूस भेटला की "काय करता?" असं विचारतात. इथे तुम्ही काय करता याचं कोणाला काही पडलेलं नाही, तुम्ही कुठले आणि कोणाचे तेवढं सांगा. नाशिकचे म्हटलं की त्यांचं समाधान व्हायचं नाही. "नाशिकचे ता बरोबर, पण मूळ खंयचे?" सतीश प्रत्येकाला हौसेनं सिन्नरजवळचं गाव, शेती, चुलते सगळं सांगत बसायचा. मी दोन पावलं मागे उभी राहून, माझा चेहरा कोणी निरखत तर नाही ना, ते बघायचे.

मालवणचा रस्ता खाली खाली उतरत जातो. दोन्हीकडे काजू, मधेच भातकापणी झालेले कोरडे मळे, जांभ्या दगडांचे गडगे, म्हणजे बुटक्या भिंती. सुंदर आहे, मला कळत होतं. पण एसटीच्या खिडकीच्या काचेत मला माझाच चेहरा दिसत होता आणि त्याच्यामागून काजूची झाडं पळत होती. मी सतीशशी जागा बदलून घेतली.

मालवणला पोचल्यावर मी एक मूर्खपणा केला. कोणी मला ओळखू नये म्हणून ओढणी डोक्यावरून घेऊन तोंडाभोवती गुंडाळली, वर गॉगल लावला. भर दुपारी, मासळी बाजारात! जिथे बायका एकमेकींना नावानं हाका मारत, मोकळ्या तोंडानं बांगडे, सुरमई, शिंपल्यांतल्या तिसऱ्या विकत होत्या, तिथे मी एखाद्या दरोडेखोरासारखी. सगळ्या बाजाराच्या माना माझ्याकडे वळल्या. एका बाईनं मोठ्यांदा विचारलं, "गो बाय, दात दुखतत काय गो?" मी मान डोलावली. तिनं लगेच लवंगेचं तेल कुठे मिळतं ते सांगितलं, आणि सतीश इतका हसला की त्याला टोपल्यांच्या कडेला बसावं लागलं. मी ओढणी सोडून टाकली. त्यानंतर माझ्याकडे कोणी ढुंकून बघितलं नाही.

खानावळीत बांगड्याचं तिखलं आलं, तांदळाची भाकरी आली, सोलकढी आली. मी एरवी त्याच साइटवर मालवणी जेवणाच्या गटात मोठमोठ्या गप्पा मारणारी, तिरफळ कधी घालावं यावर लोकांना शिकवणारी. खरं तिरफळ दाताखाली आलं ते त्या दिवशी पहिल्यांदा, आणि जीभ बधिर झाली. सतीशनं माझ्या वाटचाही बांगडा खाल्ला.

स्टुडिओ

तेजल आम्हाला खानावळीच्या दारातच भेटली. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असलेली, सावळी, बारीक, सारखी ओढणीचं टोक पिळणारी मुलगी. तिनं माझ्या चेहऱ्याकडे बघितलंच नाही. तिनं माझ्या उजव्या हाताकडे बघितलं. कोपराच्या खाली कुकरच्या झाकणानं भाजल्याचा माझा तपकिरी डाग आहे, तिथे तिची नजर जाऊन थांबली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी हात मागे घेतला.

मग तिनं सांगितलं. तिची आई, शेवंती, याच बाजारात मासे विकायची. आदल्या वर्षी साध्या तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. वर्षश्राद्धाला फोटो हवा, तर घरात तिचा धड एक फोटो नव्हता. लग्नातले फोटो कौलं गळून भिजले होते. कोणा भाचीच्या लग्नात काढलेल्या घोळक्यात, मागच्या रांगेत, दोन खांद्यांच्या मधून तिचा नुसता चेहरा दिसत होता. तेवढाच स्टुडिओत नेऊन दिला आणि त्यांनी त्याचा मोठा फोटो करून दिला.

"फोटोत हातावर डाग होतो. आयेक असो डाग नाय होतो," तेजल म्हणाली आणि एकदम शुद्ध बोलू लागली, "मला वाटलं छपाईचा असेल. मग कॉलेजसमोरच्या नेट कॅफेत मालवणी जेवणाच्या गटात तुमचा फोटो बघितला. तीच साडी. तोच डाग."

सतीश म्हणाला, आधी स्टुडिओत जाऊ. तो रस्त्यावरच होता. मालक आमच्याच वयाचा, अगदी हसतमुख. चोरी पकडली गेल्याची भीती त्याच्या तोंडावर शोधून सापडली नसती. "होय, नेटवरचाच घेतला. लोक जुन्या फोटोतलं नुसतं डोकं आणून देतात हो, खाली अंग कुठून आणायचं? पुरुषांचं बरं असतं, कोट-टायवर भागतं. बायकांचंच कठीण."

त्यानं कॉम्प्युटर उघडून दाखवला. 'साड्या' नावाच्या फोल्डरमध्ये चौकोनामागून चौकोन, सगळ्या बायका, आणि एकीलाही डोकं नाही. गुलाबी साडी, जरीची साडी, हातात फुलं घेतलेली, मांडीवर हात ठेवलेली. त्यांत मी होते. मामेबहिणीच्या लग्नातली माझी जांभळी नारायणपेठ, गळ्यातलं मंगळसूत्र, आणि पुढे आलेला हात. मानेच्या वर पांढरं.

तो फोटो मी चेहऱ्यासाठी चढवला होता. सगळ्या जणी चेहऱ्याबद्दलच काय काय बोलल्या होत्या. आणि या माणसानं सगळ्यात आधी तोच कापून टाकला होता. ठेवला होता तो हात, जो कॅमेरा धरण्यापुरता लागतो म्हणून फोटोत येतो आणि ज्याच्याकडे मी कधी बघितलंही नव्हतं.

"अजून कोणाला दिलात हा?" मी विचारलं.

तो आठवू लागला. "एक वेंगुर्ल्याक गेलो... विजयदुर्गाक एक. बांद्याचो नक्की आठवत नाय. हात पुढे आहे ना, लोकांना आवडतो. आशीर्वाद दिल्यासारखा वाटतो."

तीन गावं, तिन्ही घरांच्या भिंती, आणि तिन्हींवर हार. सतीशनं त्याला तो फोटो आमच्यासमोर पुसून टाकायला लावला. मालकानं तो पुसला, वर चहा मागवला. तो खरोखर पुसला गेला की दुसऱ्या कुठल्या फोल्डरमध्ये आहे, मला आजही माहीत नाही. वेंगुर्ल्याला आणि विजयदुर्गला जाण्याचा विषय मी तिथेच मनातून काढून टाकला, कारण तिकडे गेले असते तर पुढे कुठे थांबायचं हेच मला कळलं नसतं.

वाडी

दुसऱ्या दिवशी सकाळी तेजल आम्हाला घरी घेऊन गेली. किनाऱ्याला लागून माडांत दडलेली वाडी. वाळत घातलेल्या जाळ्यांमधून वाट काढत जायचं. सुक्या मासळीचा वास. अंगण सारवलेलं, तुळशीपुढे रांगोळी. वडिलांना सगळी वाडी दाजी म्हणते. होडीवरून पहाटेच परतले होते, अंगात बनियन, डोळे लाल. तेजलनं आमची ओळख 'कॉलेजातल्या मॅडम' अशी करून दिली, आणि ते खोटं ऐकून मी उजवा हात ओढणीखाली घेतला.

समोरच्या भिंतीवर तो होता. मोठा, सोनेरी चौकटीचा, चंदनी हार घातलेला. शेवंतीबाईंचा चेहरा मोठा करताना थोडा पुसट झालेला, पण डोळे चांगले मिस्कील. त्यांच्या गळ्याखाली मी सुरू होत होते. आणि कोपऱ्याकडे, अगदी बघणाऱ्याच्या अंगावर, माझा हात आलेला. मनगटापाशी चौकट लागायची आणि पंजा बाहेर राहायचा. काचेवर त्याच जागी बोटांचे डाग होते. येता-जाता कोणीतरी तिथे हात लावत असणार.

मी ठरवून आले होते की शांतपणे सांगायचं, हा फोटो काढा. प्रत्यक्षात मी रडायला लागले. भीतीनंच, दुसरं काही नाही. सतीश पाठीवरून हात फिरवू लागला, दाजी गोंधळले, आणि मग तेजलनं बापाला एका दमात सगळं सांगून टाकलं. तिनं माझा हात धरून काचेजवळ नेला आणि डागाशेजारी डाग दाखवला.

दाजींनी एकदा काचेतला डाग बघितला, एकदा माझा. मग मटकन खाली बसले. "ह्यो हात जित्या माणसाचो?"

"हो," मी म्हणाले.

"माका काय ठावक! त्येनी कंप्युटरात धा-बारा साड्ये दाखवल्यानी. माका वाटला, कंप्युटरातला सगळा कंप्युटराचाच आसता. ह्यो बघल्यार माका शेवंतीच दिसली. ती बाजारात अशीच हात फुडे करी, गिरायक फुडे जावक लागला काय. 'अगो बाय, बघून तरी जा!' म्हणान." त्यांनी कपाळावर हात मारला. "देवा रे! म्हाळाक आमी तुमच्या हाताफुडे पान वाढला, बाय. कावळ्याक बोलयलंव."

पितृपक्षात माझ्या हातापुढे ताट ठेवून कावळा बोलावला होता, आणि तेव्हा मी नाशिकला बहुधा नवा फोटो चढवत होते. पण एक गोष्ट मला तेव्हाही जाणवली. इथवर येताना मला वाटलं होतं की ही माणसं माझ्याशी भांडतील किंवा मला वेड्यात काढतील. दाजी माझ्यापेक्षा जास्त घाबरले होते, आणि ते माझ्यासाठी घाबरले होते.

"थांबा, गाराणा घालूक व्होया," ते म्हणाले आणि उठून आत गेले. सदरा घालून, नारळ घेऊन आले. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे आपली बाजू मोठ्यानं मांडायची आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला दुजोरा द्यायचा. आमच्याकडे देवाशी मनातल्या मनात बोलतात. इथे देवाला साक्षीदारांसकट सांगावं लागतं.

देवापुढे नारळ ठेवून दाजींनी विचारलं, "नाव काय, बाय?"

"मृण्मयी."

"माहेर खंयचा? गावदेव कोण?"

माहेर जळगावकडचं, एवढं सांगितलं. गावदेव मला सांगता येईना. मूळ गाव मी कधी बघितलंच नाही. माझ्या प्रोफाइलवर माझा आवडता रंग होता, आवडतं गाणं होतं, राशी होती, स्वभाव म्हणून "बिनधास्त" असं लिहिलेलं होतं. त्यातलं काहीच दाजींच्या उपयोगाचं नव्हतं. माझी मान खाली गेली.

"ऱ्हवांदे," दाजी म्हणाले, "तेका म्हायत आसतला." आणि त्यांनी आवाज चढवला.

"बा देवा म्हाराजा! आज ही जी काय तुझी लेक मृण्मयी, आपल्या घोवाक घेवन, नाशिकासून हय इल्ली आसा..."

"व्हय म्हाराजा!" तेजल म्हणाली.

"तिचो जितो हात चुकान आमच्या गेलल्या माणसाच्या आंगाक लागलो. आमका ठावक नाय होता म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता सतीशही.

"तेची जी काय इडापिडा तिच्यार येवची आसात, ती खयच्या खय घालव, नि तुझ्या ह्या लेकीक शंभर वर्सां आयुष्य दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सतीश इतक्या जोरात ओरडला की अंगणातली कोंबडी उडाली. मी त्याच्याकडे बघितलं. त्याचे डोळे भरले होते. म्हणजे इतके दिवस तोही घाबरलेला होता तर, आणि मासे मासे करत होता.

नारळ फोडून दाजी सरळ भिंतीकडे गेले आणि फोटो उतरवू लागले. तेजल ओढणीचं टोक पिळत उभी राहिली. फोटो निघाला तशी भिंतीवर एक उजळ चौकोनी जागा दिसली. याचसाठी मी आले होते. तरीही ती मोकळी भिंत बघवेना, आणि तोंडातून निघून गेलं, "फोटो राहू दे दाजी. हार तेवढा काढा."

"असा कसा? हार नसलो तर लोक इचारतले. शेवंती काय जिती आसा?"

"इचारूंदेत बाबा," तेजल म्हणाली. "अर्धी आसा म्हणान सांगूया."

दाजींनी फोटो गुडघ्यावर टेकवून धरला. शेवंतीबाईंकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग हार काढला, नीट गुंडाळून देवाच्या फळीवर ठेवला, आणि फोटो परत खिळ्याला लावला. हार नसलेल्या त्या बाई एकदम वेगळ्या दिसल्या. कुणाला तरी हाक मारत असाव्यात, आणि ते कुणीतरी पुढे निघून चाललं असावं.

माझी भीती गेली असं मी म्हणणार नाही. आजही कुठल्या अनोळखी गावात हॉटेलात गेले, की मी आधी भिंती बघते. पण त्या दुपारी तेजलनं वाढलेला भात आणि तिसऱ्यांचं सुकं मी पोटभर खाल्लं, उजव्या हातानं, आणि तेजल मी जेवेपर्यंत त्या हाताकडे बघत बसली होती. मी तिला बघू दिलं.

निघताना दाजी जाळ्यांपर्यंत पोचवायला आले. तिथे उगाच एका जाळ्याची गाठ सोडवत राहिले. शेवटी म्हणाले, "बाय, वायट वाटून घेव नका. देवान तुमका शंभर वर्सां द्यावीत. पण कधी तरी तुमचा काय बरावायट झाला, तर आमका कळवशात मा? तेवा हार घालूक व्होयो. नायतर शेवंती तशीच ऱ्हवात."

"हो, कळवीन," मी म्हणाले, आणि कळवणार कोण हे लक्षात येऊन सतीशकडे बघितलं. मग त्यानं खिशातून मोबाइल काढला आणि दाजींना नंबर विचारला.